एस्टीमचं इंजिन बसलं: बांधावं, बदलावं की गाडीच काढावी?

रंकाळ्यावरचा | १२ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

गाडी मारुती एस्टीम व्हीएक्सआय, पेट्रोल, नोंदणी जून २००६, एमएच-०९. आधी वडिलांच्या नावावर, आता माझ्या. रनिंग १ लाख ४० हजारांच्या पुढे. इंजिनला आजवर कुणाचा हात लागलेला नाही.

गेल्या आठवड्यात चुलतभाऊ साखरप्याहून आंबा घाट चढत होता. आत चार माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, एसी चालू. घाटात रेडिएटरचा खालचा होज पाइप फुटला. बॉनेटमधून वाफ आल्यावर तो थांबला, अर्ध्या तासाने बाटल्यांतलं पाणी ओतलं आणि पुन्हा निघाला. त्याचं म्हणणं, काटा खाली आला होता म्हणून निघालो. आंब्याच्या अलीकडे गाडी आपोआप बंद. त्यानंतर किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. टोइंग करून कोल्हापुरात आणली.

आता तीन मतं मिळाली आहेत. नेहमीचे मिस्त्री म्हणतात, "इंजिन सीझ, म्हणजे आतून जाम. उघडण्यात राम नाही. जुनं इंजिन आणून टाकतो, ३५ हजार, चार दिवसांत गाडी दारात." दुसरा गॅरेजवाला म्हणतो फुल इंजिन काम, ६५ ते ७०. तिसरं मत भंगारवाल्याचं, जशी आहे तशी २२ हजार रोख.

चालू स्थितीत ही गाडी फार तर ५०-६० हजारांना जाईल. शिवाय जूनमध्ये २० वर्षं पूर्ण होतायत, म्हणजे पुन्हा आरटीओ. घरात बायकोचं मत स्पष्ट आहे. माझं नाही.

भावनिक मुद्दा बाजूला ठेवून सांगा. (ठेवता आला तर.)


गतिरोधक | १२ जानेवारी, रात्री १०:०५

काढून टाका. साठ हजारांच्या गाडीत सत्तर हजार घालायचे? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इंजिन झालं की गिअरबॉक्स, मग सस्पेन्शन, मग एसी. या खड्ड्याला तळ नाही.

वहिनींशी सहमत.


लेथमास्तर | १२ जानेवारी, रात्री ११:३०

तीस वर्षं मशीन शॉप चालवतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, 'टक्' म्हणजे सीझ असं कुणी ठरवलं? होज फुटून पाणी गेलं, इंजिन तापलं, हेड गॅस्केट (सिलेंडरवरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्या खालचं पॅकिंग) गेलं. मग भावाने वरून पाणी ओतलं. गॅस्केट जळालेलं असेल तर ते पाणी थेट सिलेंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर यायला बघतो आणि अडतो. स्टार्टर तेव्हाही असाच 'टक्' करतो. बॅटरी उतरली असली तरी तसाच आवाज येतो.

दुसरं, समजा पिस्टन खरंच धरला होता. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो लायनरपेक्षा (सिलेंडरच्या आतल्या नळ्यापेक्षा) जास्त फुगतो आणि पकडतो. थंड झाल्यावर पुष्कळदा सुटतो. ओरखडे मागे राहतात, पण सीझ म्हणून इंजिन फेकायचं कारण नाही.

आणि काटा खाली आला त्याचं. सेन्सरभोवती पाणी असेल तरच तो खरं तापमान सांगतो. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. माणसाला वाटतं गाडी थंड झाली. आमच्याकडे येणाऱ्या वाकलेल्या हेडांपैकी बरीचशी याच गैरसमजातून येतात. भावाला फार बोलू नका.

आता करायचं काय? चारही प्लग काढा. गाडी न्यूट्रलला. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवून बघा. जोर करायचा नाही. फिरलं तर स्टार्टर मारून पाणी बाहेर काढा, मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजायचं. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून सिलेंडरची भिंत बघता येते, हल्ली मोबाईलला जोडायचे कॅमेरे स्वस्तात मिळतात. हे सगळं तासाभराचं काम. ते केल्याशिवाय ३५ आणि ७० हे दोन्ही आकडे हवेतले.


सदाशिवपेठी | १३ जानेवारी, सकाळी ७:१५

लेथमास्तरांच्या प्रतिसादानंतर तांत्रिक बाबतीत भर घालण्यासारखं काही नाही. कागदांबद्दल मात्र आहे, कारण त्याचा विचार आपल्याकडे गाडी पोलिसांनी अडवल्यावर सुरू होतो.

१. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तो आरसीवर असतो. दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकलं की दोन्ही जुळत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. परवानगीशिवाय इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. त्यासाठी इंजिनाचं बिल लागतं. जुनं इंजिन असेल तर ते कुठल्या गाडीतलं, ती गाडी रीतसर मोडीत निघाली होती का, हेही विचारलं जातं. तुमचे मिस्त्री ३५ हजारांत हे कागद देणार आहेत का? त्यांना विचारा आणि ते काय म्हणतात ते इथे लिहा. आम्हालाही करमणूक हवी.

२. हेच इंजिन बांधलं तर ब्लॉक तोच, नंबर तोच, आरटीओचा प्रश्नच नाही.

३. जूनमध्ये २० वर्षं. वीस वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी नूतनीकरणाची फी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजार केली. त्यावर पर्यावरण कर वेगळा. शिवाय गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि तिथे इंजिन नंबर व चेसिस नंबर बघतात. म्हणजे मुद्दा १ पुन्हा उभा राहतो.

४. भंगारवाल्याचे २२ हजार घेऊन मोकळे होऊ नका. नोंदणी रद्द झाली नाही तर कागदोपत्री गाडी तुमचीच राहते, आणि तुमच्या चेसिस नंबरवर उद्या कुठली गाडी फिरेल सांगता येत नाही. द्यायचीच तर अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि ठेव प्रमाणपत्र (गाडी मोडीत जमा केल्याचा दाखला) घ्या. त्यावर नवीन गाडीच्या करात सवलत मिळते.


उद्यमनगरी | १३ जानेवारी, सकाळी १०:५०

भावा, कोल्हापुरात राहून इंजिनासाठी रडतोस होय! उद्यमनगरात आख्ख्या महाराष्ट्राची ऑइल इंजिनं घडली. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, काय पाहिजे ते एका गल्लीत. तुझं ते इंजिन म्हणजे जी१३बीबी. लई भारी इंजिन. जिप्सीला तेच, पहिल्या पेट्रोल स्विफ्टला तेच, व्हर्साला तेच. जिप्सी लष्करात हाय, त्यामुळं सामान बंद व्हायचं नाव न्हाई.

पण एक ध्यानात ठेव. जिप्सीचं इंजिन तसंच्या तसं तुझ्या गाडीत बसत न्हाई. जिप्सीत ते उभं, तुझ्यात आडवं. चेंबर, माउंटिंग, मॅनिफोल्ड सगळं येगळं. कुणी 'जिप्सीचं टाकतो' म्हणाला तर चहा पिऊन परत ये. पिस्टन-रिंग-बेअरिंगचं सामान मात्र घे बिनधास्त.


वऱ्हाडी ठेचा | १३ जानेवारी, दुपारी १:२०

जुन्या इंजिनाबद्दल माझा अनुभव सांगून ठेवतो, अमरावतीचा. गाडी दुसरी होती, पण कहाणी हीच. स्क्रॅपवाल्याने सांगितलं, "साहेब, अपघाताच्या गाडीतलं आहे, चाळीस हजार चाललेलं." अपघाताच्या गाडीचं मीटर कोणी पाहिलं, बाप्पा? बसवलं, सुरू झालं, आवाज गोड. पंधरा दिवसांत निळा धूर काढू लागलं. परत गेलो तर म्हणे, "चालू करून दिलं होतं न? मग?"

म्हणजे पैसे एका दुखण्याचे दिले अन् दुसऱ्याचं दुखणं घरी आणलं. आपल्या इंजिनाचं काय बिघडलं ते आपल्याला माहीत तरी असते.

जुनं घ्यायचंच असेल तर गाडीत असतानाच चालू करून बघा, कॉम्प्रेशन मोजा, ऑइल फिलरचं झाकण उघडून आत काळा चिकटा आहे का ते पाहा. बाहेर काढून, धुऊन, चकचकीत करून ठेवलेल्या इंजिनावर विश्वास ठेवू नका.


स्टुटगार्टकर | १३ जानेवारी, रात्री ११:५५

धागा वाचून हेवा वाटला. इथे हा प्रश्नच उद्भवत नाही. मिस्त्रीचा तासाचा दर असा असतो की हेड काढायचं म्हटलं तरी मजुरी जुन्या गाडीच्या किमतीपुढे जाते. माझी जुनी गाडी निव्वळ टायमिंग चेनपायी गेली, पत्रा अगदी शाबूत होता. तुमच्याकडे अजून माणूस बसून काम करतो तोवर करून घ्या.

अवांतर: एस्टीम इतकी हलकी गाडी त्या इंजिनाला पुन्हा मिळाली नाही. रॅलीवाले उगाच नव्हते तिच्या मागे.


गतिरोधक | १४ जानेवारी, सकाळी ८:३०

@स्टुटगार्टकर, लांबून सगळंच गोड दिसतं. पैसे रंकाळ्यावरच्यांचे जाणारेत.


पत्रा-पेंट | १४ जानेवारी, सकाळी ११:१०

सगळे इंजिनावर बोलतायत. मी डेंटिंगवाला, मला पत्रा दिसतो. गाडी कोकणात ये-जा करते असं दिसतंय. इंजिनावर एक रुपया खर्च करण्याआधी गाडी खालून बघा.

ड्रायव्हरच्या पायाखालची चटई आणि तिच्या खालचं फोम उचला. ओल लागली तर समजा खाली गंज आहे. मग दाराखालची पट्टी, जिथे जॅक लावतो तिथे, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ठोकत जा. टणटण आवाज आला तर पत्रा आहे. भसकन आत गेला तर नुसता रंग आणि पुट्टी उभी आहे. शेवटी बॉनेट उघडून पुढच्या शॉकॲबचे वरचे बोल्ट जिथे बसतात तो भाग बघा. तिथे गंज असेल तर इंजिन कितीही चांगलं बांधा, ती गाडी माणसं घेऊन घाटात न्यायच्या लायकीची नाही. दाराखालची पट्टी कापून नवी जोडता येते, त्याचं टेन्शन नको.


रंकाळ्यावरचा | १७ जानेवारी, संध्याकाळी ७:००

सगळ्यांचे आभार. प्रगती सांगतो.

गाडी नेहमीच्या मिस्त्रींकडून उचलून दुसरीकडे नेली. (कागदांचं विचारल्यावर ते म्हणाले, "इंजिन नंबर कोण बघतंय?" सदाशिवपेठी, घ्या करमणूक.) नवीन मिस्त्री लेथमास्तरांच्या पठडीतले. चारही प्लग काढले, पुलीला पाना लावला. थोडं अडून फिरलं! स्टार्टर मारला तर तिसऱ्या प्लगच्या भोकातून गढूळ पाण्याचा फवारा थेट बॉनेटच्या आतल्या बाजूला.

म्हणजे सीझ नव्हतं. कॉम्प्रेशन पहिल्याला १७०, दुसऱ्याला १६०, तिसऱ्याला ४०, चौथ्याला ९०.

पत्रा: डाव्या बाजूच्या पट्टीत दोन ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर आत गेला. शॉकॲबचे टॉवर ठणठणीत. चटईखाली कोरडं.


लेथमास्तर | १७ जानेवारी, रात्री ८:४५

तिसरा आणि चौथा शेजारी-शेजारी आणि दोन्ही पडलेले, म्हणजे गॅस्केट दोघांच्या मधल्या पुलावर जळालंय. तिसरा जास्तच खाली आहे, तिथे रिंगांनाही मार बसला असणार. हेड काढा.

हेड काढल्यावर मिस्त्रींना दोन गोष्टी करायला सांगा. खालच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घालायचा. ०.०५ मिलिमीटरच्या वर बाक असेल तर सरफेसिंग लागणार. हे सगळेच करतात. दुसरी गोष्ट कुणी करत नाही. रॉकर काढून नुसता कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडमध्ये बसवायचा, तेल लावून कॅप कसायच्या आणि हाताने फिरवायचा. हेड वाकतं तेव्हा खालची बाजू वाकते तशी कॅम बसायची रांगही वाकते. खालून घासून सपाट केलं म्हणजे वरची रांग सरळ होत नाही. मग असं हेड बसवलं की कॅम घट्ट फिरतो, थोड्या दिवसांत कॅम तरी खातो नाहीतर बेल्ट तरी. आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'इतका खर्च करून पुन्हा तेच'.

आणि आत्ताच एक आकडा ठरवून ठेवा, त्याच्या वर जायचं नाही. उघडलेलं इंजिन समोर असताना माणूस कशालाही हो म्हणतो. मी गिऱ्हाइकांना म्हणायला लावलंय, खोटं कशाला बोलू.


रंकाळ्यावरचा | १७ जानेवारी, रात्री ९:१०

आकडा ठरवला. ५५ हजार. बायकोच्या समोर ठरवलाय.


अनुराधा_म | १८ जानेवारी, दुपारी ३:३०

मी गाड्यांमधली तज्ज्ञ नाही, तरी एक विचारते. ही गाडी नेमकी कोण वापरतं? वरच्या सगळ्या प्रतिसादांत गाडी दुरुस्त होईल का याची चर्चा आहे, तीत कोण बसणार याची नाही.

आमच्याकडे अशीच बुटकी सेडान होती. सासूबाईंचे गुडघे गेल्यावर त्यांना त्या सीटवरून उठवायला दोघं लागायची. एक दरवाजा धरायला, एक हात द्यायला. शेवटी त्या रिक्षाने जायला लागल्या आणि गाडी खाली पार्किंगमध्ये. तुमच्या घरी ज्येष्ठ असतील तर त्यांना आधी विचारा.


रंकाळ्यावरचा | १८ जानेवारी, रात्री १०:२०

अनुराधाताई, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आई गेलं वर्षभर एस्टीममध्ये बसलेली नाही. दवाखान्यात रिक्षानेच जाते. 'उगाच पेट्रोल कशाला' असं म्हणायची. आज सरळ विचारलं तेव्हा म्हणाली, "त्या गाडीतून उतरताना विहिरीतून वर आल्यासारखं वाटतं रे."

मी स्वतः बाईकवर. माझ्या हातून एस्टीम महिन्यातून एकदोनदा निघते. वर्षाला अडीच हजार किलोमीटर जेमतेम. खरी वापरतो तो चुलतभाऊ, हंगामात तर जवळजवळ रोज. तो मागून नेतो, टाकी भरून परत आणून लावतो.


सदाशिवपेठी | १९ जानेवारी, सकाळी ७:०५

मग हिशोब कागदावर मांडा. ५५ हजार खर्च धरा, पुढची पाच वर्षं धरा. वर्षाला अडीच हजार म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. नुसत्या इंजिनाचा खर्च किलोमीटरला ४ रुपये ४० पैसे. पेट्रोल, विमा, आरटीओचे १० हजार आणि पर्यावरण कर वेगळे. रिक्षा परवडली.


रंकाळ्यावरचा | २४ जानेवारी, रात्री ९:००

हेड उघडलं. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

गॅस्केट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये जळून कोळसा. पट्टी ठेवल्यावर हेडला मधोमध ०.२० चा बाक. मिस्त्रींना कॅमची तपासणी करायला सांगितली तर आधी हसले, मग केली, मग हसायचे थांबले. शेवटच्या दोन कॅप कसल्या की कॅम हलायलाच तयार नाही. म्हणजे हेड बाद. लेथमास्तर, नुसतं सरफेसिंग करून बसवलं असतं तर काय झालं असतं, ते आता त्यांनीच मला समजावून सांगितलं!

तिसऱ्या सिलेंडरमध्ये ओरखडे, नख अडकतं. पिस्टनचा स्कर्ट एका बाजूने घासलेला. बाकी तीन बरे. क्रँक मोजला, अजून कंपनीच्या मापात, ग्राइंडिंगची गरज नाही. बेअरिंगं मात्र बदलायची.

खर्च असा: तपासलेलं जुनं हेड ८ हजार, त्याचे वॉल्व्ह-सीट-सील अडीच हजार. ०.५० ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा साडेनऊ. चारही सिलेंडर बोअरिंग-होनिंग (आतून मोठे करून गुळगुळीत करणं) अडीच. बेअरिंगं साडेतीन. गॅस्केट सेट साडेतीन. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट मिळून ४. ऑइल-कूलंट ३. मजुरी १४. बेरीज साडेपन्नास हजार.

आकड्याच्या आत! मी खूश. मग मिस्त्री म्हणाले, रेडिएटर आणि सगळे होज नवीन घ्या, ७ हजार. झाले साडेसत्तावन.


गतिरोधक | २४ जानेवारी, रात्री ९:१२

हा हा. खड्ड्याला तळ नाही म्हणालो होतो.


उद्यमनगरी | २४ जानेवारी, रात्री ९:३०

आरं रेडिएटर इंजिनात मोजायचा नसतो. ठरलेले ५५ इंजिनाचे.


गतिरोधक | २४ जानेवारी, रात्री ९:३३

मग ज्या होजपायी इंजिन गेलं तो कशात मोजायचा? किराणा मालात?


लेथमास्तर | २४ जानेवारी, रात्री १०:१५

रेडिएटर इंजिनाच्याच खर्चात धरायचा, यावर वाद नको. नवीन रिंगा टाकून तोच रेडिएटर ठेवणाऱ्यांची इंजिनं मी पुन्हा उघडलेली आहेत. इंधनाचे रबरी पाइपही बघा. २००६ ची गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, जुनं रबर चिरतं आणि गळायला लागतं. दोन-अडीचशे रुपयांचा पाइप आहे, पण आगीशी गाठ.

गिअरबॉक्स खाली उतरलाच आहे तर क्लच प्लेटची जाडी मोजून घ्या. निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर हात लावू नका. 'आता खोललंच आहे तर' हे वाक्य गॅरेजमध्ये कुणी उच्चारलं की बिल वाढतं.


पत्रा-पेंट | २५ जानेवारी, सकाळी ९:४०

डाव्या पट्टीचे ४ हजार धरा. जूनच्या तपासणीआधी करून घ्या. इंजिन बाहेर आहे तोवर इंजिन-बेला आतून साफ करून रंगाचा हात मारून घ्या, ही संधी परत नाही. (लेथमास्तर, माफ करा. आता खोललंच आहे तर...)


अनुराधा_म | २५ जानेवारी, दुपारी १२:१५

जी गाडी चुलतभाऊ रोज वापरतो आणि ज्या गाडीत तुमच्या आई बसत नाहीत, तिचा खर्च तुम्ही का करताय?


रंकाळ्यावरचा | २७ जानेवारी, रात्री ८:५०

ताई, तुमचा प्रतिसाद मी तसाच्या तसा भावाला पाठवला. आधी बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं, मग फोन आला. म्हणाला, "दादा, मीच विचारणार होतो, पण गाडी माझ्या हातून गेली, कुठल्या तोंडाने विचारू?"

तर असं ठरलं. गाडी तो घेणार, जशी गॅरेजमध्ये उघडी पडली आहे तशी. भंगारवाल्याचा जो भाव होता तेवढेच, २२ हजार, मला देणार आणि इंजिनाचं साडेसत्तावन हजारांचं बिल त्याचं. त्याचा दुकानाचा माल, देवरूखच्या फेऱ्या आणि महिन्यातून दोनदा कोल्हापूर मिळून वर्षाला बारा हजार तरी होतात. सदाशिवपेठींच्या पद्धतीने पाच वर्षांचे साठ हजार, म्हणजे इंजिनाचा खर्च किलोमीटरला रुपयाच्या आत. माझ्या हातात न परवडणारं बिल त्याच्या हातात परवडतं.

मला त्याच्याकडून पैसे घ्यायला अवघड वाटत होतं. बायको म्हणाली, घ्या, नाहीतर ती गाडी आयुष्यभर आपलीच राहील आणि प्रत्येक पंक्चर आपल्याला कळवलं जाईल. घेतले.

आईसाठी उंच सीटची जुनी वॅगन आर बघतोय, दीड-पावणेदोन लाखांत. त्याचा वेगळा धागा काढेन.


गतिरोधक | २७ जानेवारी, रात्री ९:०५

म्हणजे गाडी काढलीच शेवटी. मी पहिल्या दिवशी तेच सांगितलं होतं.


उद्यमनगरी | २७ जानेवारी, रात्री ९:०८

आणि इंजिनबी बांधलंच. मी पण तेच सांगितलं होतं.


सदाशिवपेठी | २८ जानेवारी, सकाळी ७:१०

दोघांचंही अभिनंदन. आता कामाचं.

फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतर आधी करा, नोंदणी नूतनीकरण नंतर. जूनपर्यंत गाडी तुमच्याच नावावर राहिली तर नूतनीकरणाची फी आणि तपासणीची धावपळ तुमच्या गळ्यात पडेल, आणि तोवर साखरप्याला काही झालं तर नोटीस कोल्हापूरला येईल. विम्याचं हस्तांतरही सोबतच करा, सख्खा असो वा चुलत. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५, मुदत संपायच्या ६० दिवसांच्या आत करता येतो, त्याआधी नाही. म्हणजे एप्रिलचा उत्तरार्ध उजाडेपर्यंत भावाने आरटीओत खेटे घालू नयेत.

आणि जुन्या हेडच्या बिलावर 'सिलेंडर हेड' असंच लिहून घ्या, 'इंजिन' नको. तपासणीला कुणी विचारलं तर ब्लॉक तोच आहे हे कागदावर दिसलं पाहिजे.


लेथमास्तर | २८ जानेवारी, सकाळी ९:२५

भावाला निरोप द्या. पहिले हजार किलोमीटर गाडी दामटायची नाही, पण एकाच वेगात रेटायचीही नाही, वेग कमी-जास्त करत चालवायची. हजारला ऑइल आणि फिल्टर बदलायचा, जुनं ऑइल स्वच्छ पत्र्यावर ओतून त्यात चमक दिसते का बघायचं. थोडी दिसेल, घाबरायचं नाही. रोज सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी. आणि ते होईपर्यंत तांदळाचं पोतं एसटीने.